नाटकाची डिग्री, कर्जाचा हप्ता आणि होळीनंतरचे महिने

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटक करणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. दिवाळी झाली, धान घरात आलं की वडशापासून ब्रह्मपुरी, आरमोरी, कुरखेडा, सिंदेवाहीपर्यंत गावोगाव मंडप पडतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात, घरं पाहुण्यांनी भरतात आणि रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेच पडतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तर घराघरांत मान ताठ झाली. तरीही पोरानं किंवा पोरीनं "मला नाटकाचीच डिग्री घ्यायची आहे, कर्ज काढू" म्हटलं की बाप विचारतोच, "डिग्री घेऊन नाईट वाढते का गा?" नाईट म्हणजे एका प्रयोगाचे पैसे.

प्रश्न अगदी बरोबर आहे. ज्या घरात तो विचारला जातोय, त्यांना त्याचं उत्तर काढता यावं म्हणून हे लिहितोय. नाटक करावं की करू नये, हा वाद मी इथे घेत नाही. ते तुमचं ठरलेलं आहे असं धरतो. शिकण्यासाठी किती कर्ज झेपेल, एवढंच पाहू.

अमेरिकेत या प्रश्नाला सरकारी आकड्यांचा आधार असतो. तिथं "कॉलेज स्कोअरकार्ड" नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे. कोणत्या कॉलेजातून कोणता विषय शिकलेली मुलं किती कमावतात आणि डोक्यावर किती कर्ज घेऊन बाहेर पडतात, ते त्यावर दिसतं. या हिशेबातून मोठी नावंही सुटली नाहीत. हार्वर्डशी जोडलेल्या ए.आर.टी. या नाट्यसंस्थेतून बाहेर पडणाऱ्यांवर साधारण ७८ हजार डॉलर कर्ज आणि कमाई वर्षाला ३६ हजार डॉलरच्या आसपास, असं २०१७ मध्ये समोर आलं. सरकारी कसोटीत अभ्यासक्रम नापास ठरला आणि संस्थेनं नवे प्रवेश थांबवले. चार वर्षांनी, २०२१ मध्ये, येल विद्यापीठाच्या नाट्यविद्यालयाला १५ कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि त्यांनी सगळ्यांची फी माफ केली. शिकवण्याचा दर्जा दोन्हीकडे नावाजलेला. फरक पडला तो पैसा कोणी भरला यामुळे.

आपल्याकडे असा तक्ता कोणी काढून देत नाही. तो वहीत आपणच मांडायचा.

पहिली पायरी: शिकायचं कुठे, आणि खरा खर्च कशाचा

सरकारी विद्यापीठांत नाटक शिकण्याची फी ऐकून लोक चकित होतात, कारण ती इंजिनीअरिंगच्या तुलनेत काहीच नसते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग ही महाराष्ट्रातली ओळखीची नावं. विदर्भातच राहायचं तर वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात रंगमंच आणि चित्रपटाचं शिक्षण मिळतं. माध्यम हिंदी असलं तरी आपल्या पोरांना ते जड जात नाही. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांच्या कॉलेजांत सध्या काय चालू आहे, ते त्या-त्या विद्यापीठाकडून लेखी माहिती घेऊनच धरा. जाहिरातीवर जाऊ नका.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची गोष्ट वेगळी. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि निवड झालेल्याला दर महिन्याला शिष्यवृत्ती मिळते. कर्जाच्या दृष्टीनं यापेक्षा चांगला सौदा देशात नाही. अट अशी की आधी कुठल्याही विषयाची पदवी हवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव हवा. जागा थोड्या, अर्ज देशभरातून. पण अनुभवाच्या रकान्यात लिहायला झाडीपट्टीच्या पोराकडे जेवढं असतं, तेवढं शहरातल्या अनेकांकडे नसतं, हे विसरू नका. प्रयोगाची तारीख, गाव, भूमिका लिहून ठेवा आणि मंडळाचं पत्र घेऊन ठेवा. हंगाम संपल्यावर मागायला गेलं तर कोणी सापडत नाही.

मग कर्ज लागतं कशाला? राहण्या-खाण्याला. पुण्या-मुंबईत कॉट बेसिसची जागा, डिपॉझिट, मेस, लोकल किंवा बस, वर्षातून दोन-तीनदा गावी येणं, नाटकं पाहायची तिकिटं. शेवटचा खर्च चैनीचा वाटतो, पण नाटक शिकणाऱ्यानं नाटक पाहिलं नाही तर शिकणार काय? वहीत दोन रकाने करा, एक फीचा आणि एक राहण्याचा. बहुतेक घरांत दुसरा रकाना पहिल्याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून माहितीपत्रकातल्या फीवरून कर्जाचा अंदाज बांधू नका. त्या शहरात शिकत असलेल्या, आपल्या भागातल्या एखाद्या पोराला फोन करून महिन्याचा खर्च विचारा. खरा आकडा तिथं मिळतो.

आता एक खर्च असा, जो कुठल्याही पत्रकात छापलेला नसतो. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळी ते होळी. कॉलेजच्या परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि वर्गाचे प्रयोग याच महिन्यांत. म्हणजे पुण्यात दोन वर्षं शिकलात तर दोन हंगामांच्या नाईट बुडाल्या. ज्याला आजच मंडळात काम मिळतंय त्यानं हा आकडा खर्चाच्या बाजूला लिहायचाच. दोन वर्षं दिसला नाही म्हणून पुढच्या हंगामाच्या बुकिंगमध्ये आपलं नाव मागे पडेल, तेही त्यात आलं.

दुसरी पायरी: आधी फुकटचे पैसे

बँकेच्या दारात जाण्याआधी राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर जा. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, हे सगळं तिथंच भरायचं असतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम् आणि इतर मागासवर्गीयांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या तिन्ही योजना राहण्या-खाण्याला पैसे देतात, आणि आपला मोठा खर्च नेमका तोच आहे. प्रत्येकीला उत्पन्नाची, गुणांची आणि अभ्यासक्रमाची अट आहे. नाटकाचा अभ्यासक्रम यादीत बसतो का, हे समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा. मुलींच्या फी माफीचंही तसंच. २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. आपला कोर्स त्यात येतो असं धरून चालू नका.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी, हे कागद निकालाची वाट न पाहता गोळा करा. पडताळणीला वेळ लागतो. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही अडकते.

शिष्यवृत्ती मिळेल, पण जूनमध्ये मिळणार नाही. कधी दुसरं सत्र संपताना येते, कधी त्याहून उशिरा. म्हणून ती "येणार" अशी लिहा, "आहे" अशी लिहू नका. मधल्या काळाला हातात काय आहे ते वेगळं.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती फारशी कोणाला माहीत नसते. वय १८ ते २५, दोन वर्षं महिन्याला ५ हजार रुपये, आणि त्यात रंगभूमीही येते. गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकल्याची अट आहे. दंडार किंवा खडी गंमत ही आपली लोकनाट्यं लहानपणापासून एखाद्या जाणत्या शाहिराकडे शिकलेल्या पोरानं हा अर्ज जरूर पाहावा.

तिसरी पायरी: कर्ज नेमकं कसं वाढतं

बँकांच्या शैक्षणिक कर्जाचं गणित साधारण असं असतं. ४ लाखांपर्यंत तारण नाही, आई किंवा वडील सहकर्जदार. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंतही केंद्राच्या पतहमीखाली तारण मागत नाहीत. कोर्स चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. ते नीट ऐकून घ्या. "आत्ता काही भरायचं नाही" म्हणजे "आत्ता काही वाढत नाही" असं नाही.

एक उदाहरण मांडू. दोन वर्षांचं एम.ए., वर्षाला दीड लाख, एकूण ३ लाख कर्ज, व्याज १० टक्के. पहिले दीड लाख सुरुवातीला, दुसरे वर्षभरानं. कोर्सची दोन वर्षं आणि सवलतीचं एक वर्ष मिळून सरळव्याज होतं ७५ हजार. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा देणं ३ लाखांचं नसतं, पावणेचार लाखांचं असतं.

ते ७ वर्षांत फेडलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,२२५ रुपये आणि एकूण परतफेड ५ लाख २३ हजारांच्या घरात. १० वर्षं घेतली तर हप्ता ४,९५५ वर येतो, पण एकूण जवळजवळ ५ लाख ९५ हजार जातात. १५ वर्षांना हप्ता ४,०३० आणि एकूण सव्वासात लाख. बँकेतला साहेब लांब मुदत सुचवेल, हप्ता लहान दिसेल, घरचे खूश होतील. घेतले ३ आणि दिले सव्वासात, हे मात्र वहीत दिसलं पाहिजे.

कोर्स चालू असताना आणि सवलतीच्या वर्षातही दर महिन्याचं व्याज भरत राहिलात (पहिल्या वर्षी १,२५०, नंतर २,५००), तर देणं ३ लाखांवरच थांबतं आणि ७ वर्षांचा हप्ता ४,९८० होतो. ज्या घरात दूध जातं किंवा कोणाला पगार आहे, त्यांनी हा मार्ग पहिला पाहावा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण नाही, जामीन नाही, आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याज सवलत. आपली संस्था त्या यादीत आहे का, ते पोर्टलवर नाव टाकून पाहा. आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेतलीत तर ही सवलत मिळत नाही, म्हणून दोन्हीतलं कोणतं जास्त पडतं ते आधी मोजा. अनेक घरांत शिष्यवृत्तीच जड भरते.

मुंबईत तीन किंवा सहा महिन्यांत "अभिनेता घडवणारे" क्लास आहेत. त्यांतल्या बऱ्याच कोर्सना विद्यापीठाची मान्यता नसते, त्यामुळे शैक्षणिक कर्ज मिळत नाही. मग लोक सोनं ठेवतात, वैयक्तिक कर्ज काढतात, कोणी सावकाराकडे जातो. या वाटेला जाऊ नका. हौस असेल तर स्वतःच्या कमाईतून करा.

चौथी पायरी: कमाईचा रकाना, महिन्यांनुसार

इथेच बहुतेकांची चूक होते. "वर्षाला एवढे मिळतील" असा एक आकडा लिहून टाकतात. नाटकवाल्याचं वर्ष असं सपाट नसतं. बारा ओळी आखा, जूनपासून मे पर्यंत, आणि प्रत्येक ओळीत कुठून किती येईल ते लिहा.

झाडीपट्टीच्या नाईट होळीपर्यंत. समजा (हा आकडा फक्त मांडणीपुरता, तुमचा तुम्ही टाका) नाईटला १,५०० मिळाले आणि हंगामात ६० प्रयोग झाले, तर हातात ९० हजार. वरच्या उदाहरणातला ६,२२५ चा हप्ता वर्षाला ७४,७०० होतो. उरतात पंधरा हजार. चैत्रापासून पुढच्या दिवाळीपर्यंत त्या पंधरा हजारांत जगायचं. असं मांडल्यावर बापाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर? माझ्या मते, डिग्री आहे म्हणून झाडीपट्टीत नाईट वाढत नाही. तिथं नाईट वाढते ती नाव चालल्यामुळे, गाणं येत असल्यामुळे, विनोदी माणूस हशा काढतो म्हणून. डिग्रीचा फायदा वेगळ्या जागी आहे. विद्यापीठात प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी, रंगभूषा शिकलेलं पोरगं शहरात अभिनेत्यापेक्षा लवकर कामाला लागतं, आणि त्याचं काम एका भूमिकेवर अवलंबून नसतं. आपल्याकडच्या पोरांना पडद्यामागचं काम कमी दर्जाचं वाटतं. कर्ज असलेल्यानं तरी तसं वाटून घेऊ नये.

मुंबईतल्या मालिकांचे पैसे काम केल्यावर साधारण ९० दिवसांनी येतात. म्हणजे काम मिळालं त्या महिन्यापासून हप्ता भरता येईल असं नाही. तीन महिन्यांचे हप्ते आणि भाडं बाजूला हवं.

प्राध्यापकीचा मार्ग: एम.ए.ला ५५ टक्के (मागासवर्गीयांना सूट) आणि नेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये नृत्य-नाट्य-रंगभूमी असा विषय आहे. पण कायम जागा फार थोड्या निघतात. तोवर तासिका तत्त्वावर काम, ज्यात शिकवलेल्या तासांचेच पैसे आणि तेही उशिरा. याला उत्पन्न म्हणून लिहा, पगार म्हणून लिहू नका. शाळेचं म्हणाल तर "नाट्यशिक्षक पाहिजे" अशी जाहिरात आपल्या अनुदानित शाळा काढत नाहीत. बी.एड.चा विचार असेल तर पदवीला मराठी किंवा शाळेत शिकवला जाणारा दुसरा विषय असलेला बरा.

बाकी लहान-लहान झरे आहेत. सरकारी योजनांच्या पथनाट्यांसाठी जिल्हा माहिती कार्यालय कलापथकांची निवड करतं, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, अकोला इथं आकाशवाणीची केंद्रं आहेत, कॉलेजांना युवक महोत्सवाच्या आधी दिग्दर्शक लागतो. राज्य नाट्य स्पर्धेनं नाव होतं, पोट भरत नाही. यातला कुठलाही एकटा पुरणार नाही. पण होळीनंतरच्या ओळी यांनीच भरतात.

पाचवी पायरी: किती कर्ज झेपेल

अमेरिकेतल्या त्या कसोटीत एक सोपं माप होतं, वर्षाचा हप्ता कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत असावा. ते जसंच्या तसं लावलं तर ६,२२५ चा हप्ता भरणाऱ्याला महिन्याला जवळपास ७८ हजार कमवावे लागतील. नाटकात नव्यानं उतरलेल्याला हे अवघड आहे. आपल्याकडे घरचं छप्पर आणि घरचे तांदूळ असतात, म्हणून मी माप थोडं सैल करतो, पण वेगळ्या ठिकाणी लावतो. बारा ओळींतल्या सगळ्यात कोरड्या तीन महिन्यांची सरासरी काढा. हप्ता तिच्या पाव भागाच्या आत असेल तर कर्ज घ्या. श्रावणात महिन्याला ८ हजार येत असतील तर हप्ता २ हजार. १० टक्क्यांनी ७ वर्षांत त्यातून सुमारे १ लाख २० हजारांचं देणं फिटतं, आणि त्यात शिकतानाचं साठलेलं व्याजही आलं. अनेकांच्या बाबतीत मर्यादा इथंच येते, आणि ती सोसायलाच हवी.

एवढं कडक का, तर सहकर्जदार बाप आहे म्हणून. मुलाचा हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, जातं आणि त्याचा डाग बापाच्या सिबिलवरही, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरही, पडतो. त्याच बापाला जूनमध्ये त्याच शाखेत पीककर्जाला उभं राहायचं असतं. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्यालाच बिनव्याजी पडतं, म्हणून मार्चअखेरची तारीख घरात सगळ्यांना पाठ असते. नाटकाचा हंगामही नेमका तेव्हाच आटतो. दोन्ही देणी एकाच महिन्यात आली तर धानाचं बियाणं अडतं. उलटही होतं. बापाचं जुनं पीककर्ज थकीत असेल तर पोराचं शैक्षणिक कर्जच अडकतं. म्हणून अर्जाआधी घरातल्या सगळ्यांचं सिबिल काढून पाहा.

आणि साडेसात लाखांच्या आतल्या कर्जाला कोणी जमीन मागितली तर "कोणत्या नियमाखाली?" असं लेखी विचारा. नाटकाच्या शिक्षणासाठी सातबाऱ्यावर बोजा चढवू नये, हे माझं ठाम मत.

मला विचाराल तर क्रम असा: पदवी जवळच्या कॉलेजातून, ब्रह्मपुरी किंवा गडचिरोली, घरून जाऊन-येऊन. ती तीन वर्षं हंगाम सोडायचा नाही. युवक महोत्सव, राज्य नाट्य स्पर्धा, मंडळातलं काम, सगळं वहीत. मग दिल्लीची परीक्षा आणि सोबत वर्धा, पुणे, मुंबई, संभाजीनगरचे अर्ज. या वाटेनं गेलेल्याला कर्ज लागलंच तर शेवटच्या दोन वर्षांचं, आणि तोवर नाईटचे काही पैसेही जमलेले असतात. बारावीनंतर थेट पुण्याला जाऊन पाच वर्षं कर्जावर काढणाऱ्याला हे साधत नाही. ज्यांच्या घरात पगार आहे त्यांनी थेट जावं, त्यांचं गणित वेगळं.

शेवटची पायरी: हप्ता सुरू झाल्यावर

शैक्षणिक कर्जाचा व्याजदर बदलता असेल तर मुदतीआधी पैसे भरायला दंड लागत नाही. हंगामी कमाईवाल्यासाठी हा नियम सोन्यासारखा आहे. वरच्या उदाहरणात ६,२२५ चा हप्ता चालू ठेवून दर वर्षी होळीनंतर २० हजार जास्तीचे भरले, तर ७ वर्षांचं कर्ज ५ वर्षं आणि दोन-एक महिन्यांत संपतं. भरताना शाखेत लेखी सांगा की ही रक्कम मुद्दलातून वळती करा. नाहीतर ती पुढच्या हप्त्यांत जिरवली जाते आणि व्याज तसंच चालू राहतं. पावती घ्या, आणि पुढच्या महिन्यात खात्याचा उतारा काढून मुद्दल उतरलंय का ते पाहा.